आचरट म्हणणारं माणूस

आमच्या वाडीत ‘आचरट’ हा शब्द कुणालाही लावत नाहीत. दारू पिऊन व्हाळाच्या पाण्यात पडणारा आचरट नव्हे. त्याला वेगळी नावं आहेत आणि ती बायका मोठ्याने घेतात. बायकांच्या घोळक्यात नको ते बोलतो तो चावट. पंगतीत जुनाच विनोद पुन्हा सांगून आपणच हसतो तो पाचकळ. असा एक प्रत्येक घरात असतोच, आमच्याकडे तो माझा मामा आहे. आचरट माणूस यांच्यात बसत नाही. त्याच्या करण्याने कुणाचं काही बिघडत नाही आणि कुणाचं काही साधतही नाही. चांगला शहाणासुरता, केस पिकलेला माणूस हातातलं काम टाकून काहीतरी बिनकामाचं, पोरकट करून बसतो, आणि बघणारं माणूस कपाळावर हात मारून म्हणतं, “शी! काय हा आचरटपणा!”

त्या ‘शी’मध्ये सगळी गंमत आहे. म्हणणाऱ्याच्या पोटात हसू असतं आणि ते बाहेर सांडू नये म्हणून आवाज चढवलेला असतो. मी नाटकात काम करते. तालमीत हे वाक्य कितीतरी मुलींच्या तोंडी आलेलं ऐकलंय. बहुतेकजणी खरंच रागावून म्हणतात आणि वाक्य मरतं. ते जिला नेमकं जमायचं अशी एकच बाई मला माहीत आहे, आमच्या शेजारची विमलकाकी.

आमच्या आणि त्यांच्या अंगणांमध्ये चिऱ्यांचा गडगा आहे, छातीएवढा. बसल्या जागेवरून पलीकडचं दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. लहानपणापासून मी तो संसार रेडिओसारखा ऐकला.

“अवो, ऐकलंत काय? विळी कुटं ठेवली तुमी?”

उत्तर नाही.

“अवो, विळी!”

मग गडग्यापलीकडून रेडकाचा आवाज. भुकेलेल्या, आईला शोधणाऱ्या रेडकाचा. पुन्हा एकदा, आता घराच्या मागून. आणि भांडं आपटल्याचा आवाज.

“शी! काय हा आचरटपणा! मानसं बगतील!”

माणसं म्हणजे आम्हीच. आई भाजी निवडता निवडता पदर तोंडाला लावायची आणि मला डोळ्यांनी दटावायची, “गप. त्यांना ऐकू जाईल.”

रेडकाचा आवाज काढणारे ते महिपतकाका. ही गोष्ट वाडीत कुणाला सांगितली असती तर आईलाच वेड्यात काढलं असतं. महिपतकाका जेटीवरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला. मासेमारीला निघणाऱ्या होड्यांना बर्फाच्या लाद्या मोजून द्यायच्या, आकड्याने ओढून घसरणीवर ढकलायच्या, हेच काम उभा जन्म. लाद्या ओढून ओढून त्यांचा डावा खांदा उतरलेला. तोंडावर रेषा हलायची नाही. खलाशी मुद्दाम छेडायचे.

“ओ महिपतशेट, हसा की वाईच! तुमचे दात बगून बर्फ काय इतळनार न्हाय.”

“किती लाद्या?”

“लाद्या ऱ्हावंद्या. घरी तरी बोलता काय वैनीसंगती?”

“किती लाद्या?”

झालं. याच्यापुढे संभाषण जात नसे. लग्नात, मयताला, ग्रामसभेत ते खांबाला टेकून उभे राहायचे आणि निघताना चप्पल शोधायचे तेवढीच त्यांची हालचाल.

पण शिमग्यात त्यांना सगळ्या वाडीने बघितलेलं होतं, आणि कुणीच बघितलेलं नव्हतं. म्हणजे कसं, ते सांगते.

आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते. तिच्यासोबत नाचगाणी करणारे खेळे असतात, ढोल असतो आणि सगळ्यांच्या पुढे असतो संकासूर. अंगभर काळा पोशाख, डोक्यावर हातभर उंच निमुळती टोपी, तोंडावर काळं कापड, त्याला पांढरी दाढी-मिशी, कमरेला घुंगरू. तो बोलत नाही. नाचतो, दांडगाई करतो, म्हाताऱ्यांच्या मांडीवर जाऊन बसतो, चुलीवरचं झाकण काढून वास घेतो. पोरं त्याला घाबरतात आणि त्याच्याच मागे पळतात. आणि आतमध्ये कोण आहे हे कुणी विचारायचं नाही. माहीत असलं तरी नाही. आमच्या संकासुराचा डावा खांदा उतरलेला आहे, हे पाळण्यातल्या पोराला कळेल. पण मी आजवर वाडीत कुणाच्या तोंडून त्याचं नाव ऐकलेलं नाही.

महिपतकाका स्वतःही हा नियम पाळायचे. पालखीच्या दिवशी सकाळी अंगणात उभे राहून, आमच्यापर्यंत ऐकू येईल अशा बेताने सांगायचे, “आज कारखान्यात जातोय. येळ व्हईल.” वर्षभरात ते आपणहून मोठ्याने बोलत असं हे एकच वाक्य.

मग दुपारी पालखी त्यांच्या घरी यायची. विमलकाकी सुपात तांदूळ, नारळ, खण घेऊन पायरीवर उभी. तिच्या शेजारी झाकलेलं ताट, त्यात ओल्या नारळाच्या वड्या. ढोल कडाडायचा आणि संकासूर अंगणात उडी घ्यायचा. वाडीतली सगळी माणसं त्या अंगणात जमायची, कारण दुसरीकडे कुठे नव्हता एवढा खेळ इथे रंगायचा. तो दबकत दबकत ताटाकडे जाणार, वडी उचलणार, विमलकाकी वळली की दगडासारखा थिजणार. तिने पाठ फिरवली की पुन्हा एक वडी. मग ओट्यावरच्या झोपाळ्यावर तंगड्या पसरून बसणार, दोरीवरचा पंचा खांद्यावर घेणार, घरचा धनी असल्यासारखा मिशीवर ताव देणार.

“कोन रं तू?” विमलकाकी कमरेवर हात ठेवून विचारायची. “कोनाचा तू? उठ तितनं! माजे मालक कारखान्यात गेलेत, न्हायतर दांडा घेऊन धावले असते तुज्या मागनं!”

संकासूर घाबरल्यासारखा थरथर कापायचा. घुंगरू वाजायचे.

“आनि वड्या किती खाल्ल्यास? मेल्या आचरटा! तुला लाज न्हाय, तुज्या घरी कोन बायको हाय का न्हाय?”

तो मान हलवून ‘नाही’ म्हणायचा. अंगण हसून हसून लोळायचं.

मला हे कळायला मोठं व्हावं लागलं. विमलकाकीच्या पिढीची बाई नवऱ्याला ‘अवो’ म्हणते. ‘आचरटपणा करू नका’ एवढं गडग्याआडून, तेही हळू. ‘अरे’ आणि ‘मेल्या आचरटा’ हे तिला वर्षातून एकदाच, भर अंगणात, सगळ्या वाडीदेखत म्हणता यायचं. कारण तो तिचा नवरा नसायचा, तो संकासूर असायचा. ती ते ज्या चवीने म्हणायची, ती चव वड्यांनाही नव्हती.

याहून मोठी गंमत संध्याकाळी व्हायची. ती फक्त आम्हाला ऐकू यायची. महिपतकाका कारखान्यातून आल्यासारखे यायचे, हातपाय धुवायचे, ओट्यावर बसायचे.

“पालखी येऊन गेली?” ते विचारायचे.

“आली की. तुमी नव्हतात ते बरं झालं.”

“का?”

“तो आचरट आला होता.”

“कोन?”

“संकासूर, दुसरा कोन! वड्या खाल्ल्यान् मेल्यानं. तुमच्यासाठी चार ठेवल्यात लपवून.”

“मग?”

“मग काय, झोपाळ्यावर चढून बसला. तुमच्या जागेवर!”

“मग?”

ती सगळं सांगायची. पहिल्यापासून, एकही उडी न गाळता. आणि ते चहा पीत पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचे. ‘मग?’ म्हणायचे आणि बशी फुरकायचे. आई मला कोपराने ढोसायची. आम्ही दोघी गडग्याच्या अलीकडे श्वास धरून बसायचो.

विमलकाकी गेल्या भादव्यात गेली. गौरी विसर्जनाला दोन-तीन दिवस होऊन गेले होते. ताप आला, कमी झाला, पुन्हा आला, तालुक्याला नेलं, तिथून रत्नागिरीला नेलं, आणि तिकडूनच आणलं. मूलबाळ नव्हतं. महिपतकाकांनी जे करायचं ते सगळं केलं, कुणाशी काही न बोलता, आणि तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी कामावर गेले. खलाशांनी छेडणं बंद केलं होतं. आता म्हणे काकाच आपणहून विचारायचे, “किती लाद्या?”

मी तेव्हा मुंबईत होते. दिवाळीला आले तेव्हा पहिला बदल मला कानांना जाणवला. गडग्यापलीकडे काही नव्हतं. झाडू मारल्याचा आवाज, बादली भरल्याचा आवाज, कुकरची शिट्टी, बस. माणूस राहत होतं ते आवाजावरून कळत होतं. कोण राहतंय ते कळत नव्हतं.

आई रोज डबा द्यायची. काका डबा धुवून आणून द्यायचे आणि पायरीखालीच उभे राहायचे.

“या की वर. चहा ठेवते.”

“नको वैनी.”

“आमटी खारट झाली होती काय काल?”

“न्हाय. बरी होती.”

“खारट होती. मला म्हायती हाय. सांगायचं ना.”

“बरी होती.”

एक दिवस आई डबा घ्यायला म्हणून आपणच पलीकडे गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. पडवीत बसून राहिली. मी विचारलं, काय झालं. मग म्हणाली, “दार उघडं होतं. भाऊजी माजघरात उभे होते. डोक्यावर सूप.”

“सूप?”

“सूप घेतलेलं डोक्यावर, टोपीसारखं. आनि सैंपाकघराकडे तोंड करून उभे होते, असे.” आईने मान जरा तिरकी केली. कुणीतरी आता बघेल म्हणून थांबलेला माणूस उभा राहतो तशी. “उभेच. मग काढलं सूप, झटकलं, खिळ्याला लावलं.”

“मग तू काय केलंस?”

“काय करनार. जिभेवर आला होता गो शब्द. म्हनावंसं वाटलं. पन तो माजा नव्हता ना.”

आचरटपणा एकट्याने करून बघा. होत नाही. डोक्यावर सूप घेतलेला माणूस तेवढा उरतो.

शिमगा जवळ आला तशी सहाणेवर, म्हणजे पालखी जिथे मुक्कामाला बसते त्या चौथऱ्यावर, बैठक झाली. मुंबईची मंडळी आली होती, त्यांत मीही. मधोमध मानकरी दत्तारामदादा, वाडीतला सगळ्यांत वयस्क माणूस. देवीपुढे गाऱ्हाणं तेच घालतात. आम्ही बायका कडेला. महिपतकाका खांबाला टेकून.

“संकासुराचं काय ठरलं?” दत्तारामदादांनी हवेतच विचारलं.

“भेटला होता मला,” महिपतकाका म्हणाले. “येतो म्हनाला.”

“वर्ष झालेलं न्हाय अजून,” मागून कुणीतरी पुटपुटलं. “दुःखातल्या घरचा मानूस सोंग घेतो काय?”

“कोन घेतोय?” दत्तारामदादा वळले. “दुःख महिपताला. संकासुराला कसलं दुःख?”

ते तिथेच मिटलं. पण मग खरा घोळ पुढे आला. आमच्या वाडीत अर्धी घरं बंद असतात. माणसं मुंबईला. ज्या घराचं दार बंद, दारात ओटी घेऊन कुणी उभं नाही, तिथे पालखी थांबत नाही. भोई चालता चालता खांदा बदलतात आणि पुढच्या घरी जातात. चार वर्षं ओळीने पालखी थांबली नाही की त्या घराला मग नावाने कुणी ओळखत नाही, ‘ते बंद घर’ म्हणतात.

“महिपता,” दत्तारामदादा म्हणाले, “पालखीच्या दिवशी तू कुटं?”

“कारखान्यात.”

“व्हय, ते दरसालचंच. मग घरात कोन?”

इतकी वर्षं हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता, कारण विमलकाकी होती. महिपतकाका घरी थांबले, तर संकासूर नाही. संकासूर आला, तर घरात कुणी नाही, आणि विमलकाकीच्या दारावरून देवी न थांबता जाणार. ती गेल्यानंतरच्या पहिल्याच शिमग्याला.

“अहो मग सिंपल आहे ना!” निलेश म्हणाला. हा बोरिवलीला वाढलेला, मनाने चांगला, ढोल उत्तम वाजवतो. “महिपतकाका, तुम्ही थांबा घरी. रेस्ट करा. संकासूर मी होतो. माझी प्रॅक्टिस आहे, व्हिडिओ टाकलाय मी ग्रुपवर.”

म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पोरगा बसल्या जागी आकसला.

“होतो म्हंजे?” दत्तारामदादा म्हणाले. “संकासूर कोन होत न्हाय, बाळा. तो येतो.”

“सॉरी, आजोबा.”

“मी उभी ऱ्हाते की दारात,” वरच्या घरातली कमळाआत्या म्हणाली. “इतली ओटी भरून पालखीच्या आदी पळते वर. त्यात काय!”

“नको,” महिपतकाका म्हणाले.

“अरे पन—”

“दार उगडं असंल.”

“दार उगडं असून काय उपेग? घरात मानूस नको?”

“असंल,” ते म्हणाले, आणि चप्पल शोधायला लागले.

पालखीच्या दिवशी सकाळी मी गडग्यापाशी दात घासत होते. ते अंगणात आले. सवयीप्रमाणे घराकडे तोंड करून म्हणाले, “आज कारखान्यात जातोय. येळ व्हईल.” आतून कुणी ‘व्हय’ म्हणालं नाही. ते जरा थांबले, मग गेले.

दुपारी पालखी आमच्याकडे आली. संकासूर जोरात होता. त्याने आमच्या कोंबड्यामागे धाव घेतली, माझ्या मामाला मिठी मारून सोडेचना, आईच्या हातातला तांब्या पळवला. आई त्याला “माकडा”, “गाढवा”, “दे इकडे” असं सगळं म्हणाली. एक शब्द सोडून. मला दिसलं की ती तो चुकवतेय. बाकीच्या घरांतही तसंच झालं असावं; कुणी ठरवलं नव्हतं, पण त्या दुपारी तो शब्द वाडीत कुणीच उच्चारला नाही.

मग पालखी शेजारी वळली.

दार उघडं होतं. सताड. अंगण सारवलेलं, पुढे रांगोळी, बायकांनी काढलेली नव्हे हे लगेच कळावं इतकी जाड आणि वाकडी. पायरीवर सूप, सुपात तांदूळ, नारळ, नवा खण. शेजारी ताट झाकलेलं. बाजूला पाण्याचा तांब्या. आणि कुणी नाही. भोयांनी पावलं आवरली. दार बंद नव्हतं, म्हणून पुढे जाता येत नव्हतं. दारात माणूस नव्हतं, म्हणून पालखी टेकवता येत नव्हती.

“घरवाल्यानू!” दत्तारामदादांनी हाक घातली. “देव आलाय दारात!”

ढोल थांबला. निलेशने टिपरी तशीच वर धरून ठेवली होती.

संकासूर पुढे झाला. दबकत, दरसालसारखा. ताटाशी गेला, झाकण काढलं. आत दुकानातल्या वड्या होत्या, गुलाबी, खोक्याच्या कागदासकट. एक उचलली आणि थिजला. मान तिरकी. वाट बघितली. दारातून कुणी वळून बघितलं नाही. त्याने दुसरी उचलली. पुन्हा थिजला. पुढच्या रांगेतली पोरं आधी खिदळली होती, ती आता आयांकडे बघायला लागली. तो झोपाळ्यावर चढून बसला, तंगड्या पसरल्या, मिशीवर ताव दिला. झोपाळ्याची कडी करकरली. एवढ्या माणसांत तेवढाच आवाज.

माझ्या शेजारी आई हळूच म्हणाली, “अगो, आता काय करतील?”

संकासूर उठला आणि घरात गेला.

बाहेर आला तेव्हा त्याच्या उंच काळ्या टोपीवरून पदर घेतलेला होता. विमलकाकीचं हिरवं लुगडं. गुंडाळलेलं नव्हतं, नुसतं डोक्यावरून सोडलेलं, एक टोक दातात धरावं तसं दाढीपाशी धरलेलं. तो पायरीवर आला, कमरेवर हात ठेवला आणि रिकाम्या झोपाळ्याकडे पाहिलं.

मी पुष्कळ नट बघितलेत. माणूस गेल्यानंतर त्याची उभं राहण्याची तऱ्हा कुठे जाते, मला माहीत नव्हतं. ती तिथे होती. एका पायावर भार, कोपर जरा मागे, हनुवटी वर.

आणि संकासूर बोलला. आमच्या वाडीत संकासूर पहिल्यांदाच बोलला.

“कोन रं तू?” आवाज पुरुषी, खरखरीत, पण चढउतार तिचा. “कोनाचा तू? उठ तितनं! माजे मालक कारखान्यात गेलेत, न्हायतर दांडा घेऊन धावले असते!”

कुणीतरी फस्सकन हसलं. मग आणखी एक. बघता बघता अंगण हसायला लागलं, जुनं हसू, दरसालचं. कमळाआत्या डोळे पुसत हसत होती. संकासूर झोपाळ्याकडे धावला आणि थरथर कापला. पायरीवर परत येऊन पुन्हा काकी झाला. इकडून तिकडे, तिकडून इकडे, पदर सावरत, घुंगरू वाजवत.

“आनि वड्या किती खाल्ल्यास?” त्याने झोपाळ्याला बोट दाखवलं. “मेल्या—”

थांबला.

“मेल्या आ—”

बोट तसंच पुढे. काळ्या कापडाखाली श्वास आत-बाहेर होताना दिसत होता. आम्ही सगळे त्या शब्दाची वाट बघत होतो. सगळ्यांना येत होता तो, सगळ्यांच्या तोंडात होता. पण स्वतःला कसा म्हणणार माणूस? हात खाली आला. पदर टोपीवरून घसरला, त्याने तो धरला आणि छातीशी घेऊन उभा राहिला. आता तो काकी नव्हता, आणि संकासूरही फारसा नव्हता. अजून जरा वेळ गेला असता तर त्या कापडाखालचं नाव कुणाच्या तरी तोंडून निघालं असतं.

दत्तारामदादा पुढे आले. त्यांनी भोयांना खूण केली, “टेकवा.” पालखी अंगणात टेकली. सुपातला नारळ त्यांनी स्वतः उचलला आणि डोळे मिटून गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सगळे.

“आज तुजी लेकरं ह्या घराच्या दारात आली हायत. ह्या घरचा धनी महिपत, तो कामावर गेलाय.”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या घरची धनीन...” दादा अडखळले. त्यांच्या जन्मात गाऱ्हाणं अडखळलेलं मी ऐकलं नव्हतं. “ह्या घरच्या धनिनीनं आज तुजी ओटी भरली हाय, ती तू मानून घे!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या घरात जे काय हसनं-खिदळनं चालायचं, ते तुज्या कानावर हाय. त्याच्यावर नजर ठेव. हे दार उगडं ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आईचा आवाज फाटला.

नारळ फुटला. निलेशने कुणी न सांगता ढोलावर थाप मारली आणि पालखी उठली. संकासुराने लुगड्याची घडी घातली, झोपाळ्यावर ठेवली, आणि तो धावत पुढे गेला, कारण त्याला सगळ्यांच्या पुढे असायला हवं. पालखी वरच्या घरी पोहोचेपर्यंत तो कमळाआत्याच्या खुर्चीत जाऊन बसलाही होता.

संध्याकाळ झाली. उन्हं गडग्यावरून उतरली. मी आणि आई पडवीत पसारा आवरत होतो. पलीकडे बादलीचा आवाज आला, हातपाय धुतल्याचा. मग ओट्यावर कुणी बसल्याचा. मग काहीच नाही. त्या वेळेला तिथे काय व्हायचं हे आम्हा दोघींना पाठ होतं, आणि ते होत नव्हतं.

आईने हातातलं फडकं टाकलं. चहाचा कप भरला, बशी घेतली आणि गडग्यापाशी गेली. मी तिच्या मागे.

महिपतकाका ओट्यावर बसले होते. कामावरचे कपडे. कानामागे काळ्या कापडाचा रंग उतरून राहिला होता. त्यांनी उठून कप घेतला, गडग्याच्या चिऱ्यावर बशी ठेवली.

“आलात भाऊजी?” आई म्हणाली.

“आलो.”

“येळ झाला.”

“व्हय. होड्या होत्या.”

आमच्या फणसावर कावळे बसायला लागले होते. महिपतकाकांनी चहा बशीत ओतला, आणि बशीकडे बघतच विचारलं,

“वैनी, पालखी येऊन गेली आमच्याकडं?”

आईने पदर खोचला. गडग्यावर दोन्ही कोपरं टेकवली.

“आली की. तुमी नव्हतात ते बरं झालं.”

बशी तोंडापर्यंत जाता जाता थांबली.

“का?”

“तो संकासूर आला होता ना. वड्या खाल्ल्यान् मेल्यानं. दुकानातल्या, तरी खाल्ल्यान्.”

“मग?”

“मग झोपाळ्यावर चढून बसला. तुमच्या जागेवर.”

“मग?”

आईने सगळं सांगितलं. कुठे तो थिजला, कधी आत गेला, पदर कसा घेतला. तिला विमलकाकीसारखं रंगवून सांगता येत नाही, मधेच मागचं आठवतं, पुढचं राहतं. ते ऐकत होते. बशी फुरकल्याचा आवाज आला.

“दारात कोन होतं?” त्यांनी विचारलं. “ओटी कोनी भरली?”

मी आईकडे बघितलं नाही.

“कोन म्हंजे? विमल होती की.”

महिपतकाकांनी मान खाली घातली. बशीत बघितलं. चहा संपला होता.

“मग,” ते म्हणाले, “काय म्हनाली त्याला?”

“काय म्हननार!” आईने आवाज चढवला. पोटात काहीतरी दाबून ठेवायला चढवतात तसा, अगदी नेमका. कुठल्याही तालमीत मी तो असा ऐकलेला नाही. “मेल्या आचरटा म्हनाली!”

त्यांनी कप बशीत ठेवला, बशी गडग्यावर ठेवली. “बरं,” म्हणाले, आणि आत गेले. मागे दार त्यांनी लोटलं नाही.

आई कप उचलायला विसरली. आम्ही तिथेच उभ्या होतो. आत दिवा लागला, भांडं सरकल्याचा आवाज झाला. आणि मग घराच्या मागच्या अंगाने, बारीक, जरा घोगऱ्या गळ्याने, एकदाच, रेडकू ओरडलं.